मागे ढाल, पुढे पकड: रोजच्या सायकलसाठी पंक्चररोधक टायर

टायरच्या बाजूवर ‘पंक्चर प्रोटेक्शन’ असं ठळक छापलेलं असतं, पण कशापासून प्रोटेक्शन ते कुठंच लिहिलेलं नसतं. काच, खिळा, काटा, तार, खड्ड्याची कडा, रिमच्या आत वर आलेलं स्पोकचं टोक, सगळ्यांनी पंक्चर होतं आणि टायरमधल्या एका पट्ट्यानं हे सगळं थांबत नाही. म्हणून नवा टायर घेण्याआधी जुनी ट्यूब बघावी. चार ठिगळं लागलेली ट्यूब ही त्या रस्त्याची आणि त्या सायकलची कुंडलीच असते, फक्त ती वाचता आली पाहिजे.

ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात फिरवायची आणि बुडबुडे येतील तिथे पेनानं खूण करायची. भोक रस्त्याकडच्या अंगाला, एकच आणि बारीक असेल तर काहीतरी टायर भेदून आत आलंय. चांगल्या टायरनं हे पंक्चर टळलं असतं. शेजारी शेजारी दोन चिरा असतील, साप चावल्यासारख्या, तर ट्यूब खड्ड्याची कडा आणि रिम यांच्यामध्ये चिमटली गेलीय. हवा कमी होती, नाहीतर टायर वजनाच्या मानानं अरुंद होता. अशी पंक्चरं होणाऱ्यानं महागडा टायर घेण्याआधी गेज असलेला पंप घ्यावा. भोक आतल्या, म्हणजे रिमकडच्या अंगाला असेल तर रिम टेप (रिममधली स्पोकची छिद्रं झाकणारी पट्टी) तपासायची: ती सरकून स्पोकचं छिद्र उघडं पडलंय, किंवा स्पोकचं टोक निपलच्या, म्हणजे रिममध्ये स्पोक धरणाऱ्या नटाच्या, वर आलंय. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर पंप काढता-लावताना व्हॉल्व्ह वाकतोय, किंवा कमी हवेमुळे टायर-ट्यूब रिमवर हळूहळू सरकतायत. शेवटच्या तीन प्रकारांत जगातला सगळ्यात मजबूत टायरही कामाचा नाही.

टायर बसवताना त्यावरचं नाव नेमकं व्हॉल्व्हपाशी येईल असा बसवा. दिसायला नेटका दिसतो ही गोष्ट वेगळी. खरा उपयोग पंक्चर झाल्यावर होतो: ट्यूबवरचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते बघितलं की टायरवरची नेमकी जागा सापडते. ट्यूब उलटसुलट झाली असेल तर व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर शोधायचं, पण दोनच जागा. त्या जागी आतून कापसाचा बोळा फिरवा. ट्रकच्या टायरमधून सुटलेली पोलादी तार केसासारखी बारीक असते, ती डोळ्यांना दिसत नाही आणि बोटालाही लागेलच असं नाही, पण कापसाचा एक धागा तिला अडकतो. पॅच लावून घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा चाक बसतं ते बहुतेक वेळा या तारेमुळे. ती अजून टायरमध्येच असते. नखानं ती निघत नाही, चिमटा किंवा बारीक पक्कड लागते.

जाडी की वीण

पंक्चर अडवायचे दोन मार्ग टायर बनवणाऱ्यांकडे आहेत. एक म्हणजे ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली, घट्ट विणलेल्या कापडाचा पट्टा घालायचा: अ‍ॅरामिड (केव्लार हे त्यालाच एका कंपनीनं दिलेलं नाव), व्हेक्ट्रान, नायलॉन, पॉलिएस्टर. दुसरा म्हणजे मऊ रबराचा जाड थर घालायचा आणि ट्यूब रस्त्यापासून लांब ठेवायची.

वीण काचेला चांगली अडवते. काचेची धार रुंद असते, ती रबर कापत येते आणि धाग्यांवर अडते. पण बारीक तार किंवा अणकुचीदार काटा धागे कापत नाही, दोन धाग्यांच्या मधून वाट काढतो. तिथे जाडीच कामाला येते. तारेचा तुकडा किंवा सराट्याचा काटा काही मिलिमीटर लांबीचा; त्याला ट्यूबपर्यंत पोचायला तेवढी लांबीच पुरत नाही. बाभळीचा काटा मात्र बोटभर असतो, आणि दोन इंची खिळा सरळ उभा घुसला तर जाडी आणि वीण दोन्ही हात टेकतात.

याची किंमत वेगात मोजावी लागते. चाक फिरताना टायर जमिनीशी टेकतो तिथे दबतो आणि पुढे जाऊन पुन्हा फुगतो. प्रत्येक फेरीत रबर वाकण्यात थोडी शक्ती उष्णता होऊन जाते. रबर जितकं जाड तितकी ही गळती जास्त. विणलेला पातळ पट्टा या बाबतीत पुष्कळ हलका पडतो.

दुकानातला एक नेहमीचा घोळ इथेच सांगतो. ‘केव्लार टायर’ म्हणून जे विकलं जातं त्यात केव्लार कुठं आहे ते विचारा. घडी घालता येणाऱ्या टायरमध्ये बीडला, म्हणजे रिमच्या कडेत अडकणाऱ्या कडेला, पोलादी तारेऐवजी अ‍ॅरामिडचा दोर असतो. त्यानं टायर पन्नासेक ग्रॅमनं हलका होतो आणि पिशवीत मावतो. पंक्चरशी त्याचा काडीचा संबंध नाही. संरक्षण हवं असेल तर अ‍ॅरामिड ट्रेडखालच्या पट्ट्यात हवं.

तसाच दुसरा आकडा टीपीआय, म्हणजे इंचात किती धागे. जास्त धागे म्हणजे जास्त मजबूत असा समज आहे. प्रत्यक्षात धागे जास्त म्हणजे प्रत्येक धागा बारीक, टायर लवचीक आणि पळायला हलका, पण बाजूची भिंत नाजूक. रोजच्या सायकलसाठी ६०-६७ चा आकडा पुरेसा आहे. काही ठिकाणी ट्रेडखाली एकावर एक येणारे तिन्ही थर मोजून १८० असा आकडा छापतात, त्याला भुलू नये.

श्वाल्बे मॅरेथॉन प्लस

जाडीच्या पंथाचा हा मुकुटमणी. ट्रेडखाली ५ मिलिमीटर जाड निळ्या रबराचा थर, कंपनी त्याला स्मार्टगार्ड म्हणते. ड्रॉइंग पिन पूर्ण घुसली तरी तिचं टोक या थरातच राहतं. कंपनीच्या संरक्षणाच्या सात पायऱ्यांत हा सातव्या पायरीवर आहे. रस्त्यावर काच आणि तारा असतील तर मागच्या चाकाला याच्यासारखा टायर नाही.

तरी याचे दोष नीट ऐकून घ्या, कारण कौतुक सगळेच करतात. ३७-६२२ (टायरची रुंदी ३७, रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर) या मापात वजन ९०० ग्रॅमच्या आसपास जातं. सिग्नलवर थांबून पुन्हा निघताना पायाला ते जाणवतं, एकदा वेग धरला की वजनाचं फारसं काही वाटत नाही. लोळण-विरोध, म्हणजे रबर वाकण्यात होणारी ती शक्तीची गळती, मात्र सतत सोबत असतो: फिरत्या ड्रमवर टायर चालवून केलेल्या चाचण्यांत चांगल्या वेगवान रोड टायरच्या साधारण दुप्पट शक्ती हा खातो. ताशी वीस किलोमीटरनं जाणाऱ्याला दहा किलोमीटरमागे दोन-तीन मिनिटं, एवढा हिशेब धरा. एक पंक्चर काढायला वीस मिनिटं आणि काळे हात. रोज पाच-दहा किलोमीटर जाणाऱ्याला हा सौदा फायद्याचा आहे. रोज चाळीस किलोमीटर करणाऱ्यानं मात्र पुढचं वाचावं.

दुसरा दोष कुणी सांगत नाही. हा टायर अंगठ्यानं दाबून हवा कळत नाही. जाड थर आणि ताठ बाजू यांमुळे अर्धी हवा गेली तरी तो दगडासारखाच लागतो. लोक अंगठा दाबतात, ‘आहे हवा’ म्हणतात आणि महिनोन् महिने कमी हवेवर चालवतात. मग टायर जड चालतो म्हणून नावं ठेवतात आणि बाजूच्या भिंतीला चिरा पडल्या की पुन्हा नावं ठेवतात. यासाठी गेज लागतंच.

तिसरी गोष्ट उंचीची. पाच मिलिमीटरचा थर कुठंतरी जाणारच. त्याच आकड्याच्या दुसऱ्या टायरपेक्षा हा जरा उंच भरतो, आणि मडगार्ड आधीच टायरला चिकटून असेल तर घासू लागतो. मडगार्ड आणि टायर यांत सगळीकडे निदान ६ मिलिमीटर जागा आहे ना ते आधी मोजा. जागा कमी असेल तर एक माप अरुंद घ्या.

फायद्याच्या बाजूला आणखी दोन गोष्टी आहेत. बाजूला परावर्तक पट्टी आहे, अंधारात आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याला दोन फिरती वर्तुळं दिसतात. आणि टायर खूप टिकतो. मॅरेथॉन मालिका ६,००० ते १२,००० किलोमीटर चालते असं कंपनी सांगते. तिच्याच साध्या टायरसाठी हा आकडा २,००० ते ५,००० आहे. हवा बरोबर ठेवली तर हा दावा फुगवलेला वाटत नाही.

त्याचा धाकटा भाऊ

साधा मॅरेथॉन, ३ मिलिमीटरच्या ग्रीनगार्ड थराचा. त्याच मापात दीडएकशे ग्रॅमनं हलका, चालायला बराच मोकळा, बसवायला सोपा. काच जवळपास सगळी अडते, लांब तारा काही वेळा आत येतात. पुढच्या चाकासाठी आणि स्वच्छ रस्त्यावर दोन्ही चाकांसाठी हा पुरेसा आहे. बहुतेकांनी खरं तर हाच घ्यायला हवा. ‘प्लस’ हा शब्द बघून लोक थेट त्याच्यावर उडी मारतात.

कॉन्टिनेन्टल गेटरस्किन

अरुंद टायरवर वेगानं जाणाऱ्यांचं हे जुनं उत्तर. ट्रेडखाली पॉलीएक्स नावाचा घट्ट विणीचा पट्टा आणि बाजूंवर ड्युरास्किन हे तपकिरी कापड. फोल्डिंग प्रकारात २५ मिलिमीटरचा अडीचशे ग्रॅमच्या आसपास बसतो. ड्युरास्किन ही याची खरी जमेची बाजू: फुटपाथच्या कडेला किंवा खड्ड्यातल्या खडीला घासून बाजूची भिंत चिरली जाते, ते यात कमी होतं. बाजू चिरली की पॅच चालत नाही, टायरच टाकावा लागतो, म्हणून हे महत्त्वाचं.

पकड मात्र ओल्यात कच्ची आहे. रबर कडक आहे म्हणून तो टिकतो, आणि कडक आहे म्हणूनच ओल्या रंगीत पट्ट्यांवर, मॅनहोलच्या झाकणांवर, भिजलेल्या पानांवर सुटतो. मागे बसवला तर चालून जातं. पुढे नको, आणि पावसात तर नकोच.

कॉन्टिनेन्टल ग्राँ प्री फोर सीझन

यात व्हेक्ट्रानचे दोन पट्टे आणि बाजूला तेच ड्युरास्किन, पण वरचं रबर सिलिका घातलेलं आणि मऊ. २८ मिलिमीटरचा साधारण २८० ग्रॅम. ओल्यात पकड गेटरस्किनपेक्षा स्पष्टपणे चांगली, चालायला हलका. झिजतो लवकर. लांब अंतर वेगानं कापायचं असेल, सायकलमध्ये ३२ मिलिमीटरच्या वर जागाच नसेल, तर पुढच्या चाकाला हा घ्यावा. दोन्ही चाकांना घेतला तरी वावगं नाही, फक्त मागचा आधी बदलायची तयारी ठेवा.

पॅनारेसर पासेलाची प्रोटाइट पट्ट्याची आवृत्ती दिसायला देखणी आणि चालायला मऊ आहे. पट्टा ट्रेडखालीच आहे, बाजूच्या भिंती पातळ. गुळगुळीत रस्ता असेल तर सुखाचा टायर. खडी आणि फुटलेल्या कडा असतील तर बाजू चिरणार.

दोन चाकं, दोन टायर

दुकानदार जोडी विकतो म्हणून जोडी घेऊ नका. पंक्चरं मागच्या चाकात जास्त होतात, आणि त्याला कारणं आहेत. स्वाराचं निम्म्याहून जास्त वजन, साधारण साठ टक्के, मागच्या चाकावर असतं. कॅरियरवर सामान असेल तर आणखी. शिवाय पुढचं चाक रस्त्यावर आडवी पडलेली काच किंवा खिळा उडवून उभा करतं आणि मागचं चाक त्या उभ्या टोकावर येतं.

मागचं चाक काढणं हेही वेगळं प्रकरण. साखळी, गिअर, आणि हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) गिअर किंवा मोटर असेल तर केबल, वॉशर, नट असं सगळं सोडवावं लागतं. घाईच्या वेळी रस्त्याच्या कडेला हे काम कुणालाच नको असतं. तिथे चिलखत घाला. हब मोटर मागे असेल तर मॅरेथॉन प्लस किंवा त्याच्या तोडीचा, दुसरा विचार करू नका.

पुढच्या चाकाचं गणित उलटं आहे. मागचं चाक सरकलं तर सायकल वळवळते, बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं सरकलं की माणूस जमिनीवर. ब्रेक लावताना वजन पुढे येतं, थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच टायर करतो. म्हणून पुढे मऊ रबराचा, ओल्यात धरणारा टायर हवा, पंक्चर संरक्षण मध्यम असलं तरी चालेल. पुढचं पंक्चर झालंच तर ते चाक दोन मिनिटांत निघतं.

एक पथ्य: मागे झिजलेला टायर पुढे बसवून नवा मागे टाकायचा, ही काटकसर करू नका. गोटा झालेला टायर पुढे म्हणजे ओल्या वळणावर आपणहून पडायला जाणं.

माप आणि हवा

इंचातलं माप फसवं आहे. ‘२८ इंच’ म्हणजे ६२२ मिलिमीटरची रिमही असते आणि ६३५ ची जुनी रोडस्टरचीही. ‘२६ इंच’ नावाखाली ५५९, ५८४ आणि ५९० अशी निदान तीन मापं फिरतात. ‘२० इंच’ म्हणजे ४०६ किंवा ४५१. हे एकमेकांवर बसत नाहीत. जुन्या टायरच्या बाजूवर ३७-६२२ असा जोडआकडा शोधा: पहिला रुंदीचा, दुसरा रिमवर टायर बसतो तिथल्या व्यासाचा. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. पहिल्यात थोडं इकडंतिकडं चालतं. आतून १९ मिलिमीटर रुंद असलेल्या रिमवर २८ ते ४७ पर्यंतचे टायर खुशाल बसतात, अडचण येते ती फ्रेम, ब्रेक आणि मडगार्डच्या जागेची.

जागा असेल तितका रुंद टायर घ्या. रुंद टायर कमी हवेवर चालतो, आणि कमी दाबाचा टायर काचेच्या तुकड्यावर दबून जातो. दाब जास्त असेल तर तोच टायर सगळा भार त्या टोकावर देतो. उलट हवा फारच कमी झाली की रिम खड्ड्याला लागते. मधली जागा सापडायला हवी. पंचाहत्तर-ऐंशी किलोच्या स्वाराला सुरुवात म्हणून मागच्या चाकात: २८ मिलिमीटरला ७५-८० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), ३२ ला ६०-६५, ३७ ला ५०-५५, ४७ ला ४०-४५. पुढच्यात दहा टक्के कमी. पाठीवर किंवा कॅरियरवर दहा किलो असतील तर मागे पाच वाढवा. टायरच्या बाजूवर छापलेल्या किमान-कमाल आकड्यांच्या बाहेर जायचं नाही, आणि पंपावर बारचा काटा असेल तर एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. साध्या ब्युटाइल ट्यूबमधूनही हवा आपोआप झिरपते. अरुंद टायर आठवड्यातून एकदा, रुंद असेल तर दोन आठवड्यांनी बघावा.

मॅरेथॉन प्लस बसवताना

या टायरबद्दलच्या निम्म्या शिव्या बसवतानाच्या असतात. थंड टायर फार ताठ असतो, म्हणून तासभर उन्हात ठेवा. तारेचा बीड ताणत नाही, त्यामुळे सगळी ढिलाई रिमच्या मधल्या खोलगट भागातूनच मिळवायची असते. रिमच्या कडांपेक्षा तो मधला भाग काही मिलिमीटर खोल असतो. बीड तिथे उतरवला की समोरच्या बाजूला तेवढी सैल जागा मिळते. हे एकदा डोक्यात बसलं की ताकदीचं काम राहत नाही.

आधी एक बीड पूर्ण आत घाला, टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण पाहून. ट्यूबमध्ये ती जेमतेम गोल होईल इतकीच हवा भरून आत बसवा. दुसरा बीड व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध टोकाकडून सुरू करा आणि दोन्ही हातांनी दोन्हीकडून व्हॉल्व्हकडे या. व्हॉल्व्हपाशी सुरू केलं तर तिथे ट्यूबचं बूड मध्ये येतं आणि बीड खोलगट भागात उतरत नाही. शेवट नेहमी व्हॉल्व्हपाशी. अर्ध्यावर आलात की बसवलेला भाग परत बाहेर येऊ लागतो. तिथे दोन प्लास्टिकचे झिप-टाय रिम आणि टायरभोवती घट्ट आवळा. शेवटचे वीसेक सेंटिमीटर राहिले की ट्यूबमधली हवा सगळी सोडा, जिथून सुरुवात केली तिथून टायर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून मध्ये दाबत दाबत व्हॉल्व्हपर्यंत या. मग कडेला साबणाचं पाणी लावा आणि दोन्ही अंगठ्यांनी थोडं थोडं, दोन्ही टोकांकडून आत ढकला.

इथे पत्ती (टायर उचकटायची पट्टी, टायर लिव्हर) घालायचा मोह होतो. नव्या टायरबरोबर नवी ट्यूब पंक्चर होते ती याच क्षणी, पत्तीच्या टोकाखाली चिमटून. नाइलाजच असेल तर रिमच्या दुसऱ्या कडेचा आधार घेऊन बीड वर ओढणारा जॅक मिळतो, तो वापरा. बसल्यावर टायर दोन्हीकडून बाजूला दाबून ट्यूब कुठं बीडखाली डोकावत नाही ना ते पूर्ण फेरी बघा, व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडा. १५ पीएसआय हवा भरून चाक फिरवा. टायरच्या बाजूवर रिमला लागून एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी बुडाली असेल तर तिथे साबण लावून हवा वाढवा, बीड ‘टक्’ असा आवाज करून बसतो. मग पूर्ण हवा.

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पातळ थर असतो. पहिले काही किलोमीटर वळणं जपून घ्या.

जोडउपाय

टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची प्लास्टिकची पट्टी, लायनर, स्वस्त आहे आणि साध्या टायरवर काच-काटे बऱ्यापैकी अडवते. तिचा शत्रू तिचंच टोक. दोन टोकं एकमेकांवर येतात तिथली कडा ट्यूबला महिनोन् महिने घासते आणि लांबट, खरवडल्यासारखं भोक पाडते. टोक गोल कापून, पॉलिश पेपरनं कडा मऊ करून वर कापडी टेप लावली तर हा त्रास जातो. रुंदी टायरच्या ट्रेडएवढी हवी. अरुंद पट्टी एका बाजूला सरकते आणि मग असून नसल्यासारखी. मॅरेथॉन प्लसच्या आत लायनर घालू नका, मिळत काही नाही आणि टायर आणखी जड होतो.

ट्यूबमध्ये घालायचं सीलंट सराट्याच्या काट्यांवर उत्तम: बारीक भोकं चालता चालता बुजतात. ६२२ च्या चाकाला ६० मिलिलिटर पुरतं. जास्त दाबावर ते भोकातून उडत राहतं, दाब उतरला की मगच धरतं, त्यामुळे अरुंद टायरमध्ये मजा नाही. लेटेक्सचं सीलंट काही महिन्यांत वाळतं, मग भर घालावी लागते. व्हॉल्व्ह चोंदू नये म्हणून हवा भरताना तो तळाशी ठेवू नका, घड्याळात चार किंवा आठ वाजता असतो तशा जागी आणा. आणि एकदा ट्यूबमध्ये सीलंट गेलं की त्या भोकावर पॅच धड चिकटत नाही.

हवेशिवायचे भरीव टायर पंक्चर होत नाहीत हे खरंच आहे. खड्ड्याचा प्रत्येक दणका ते थेट रिमला, स्पोकना आणि मणक्याला देतात, बसवायला विशेष हत्यार लागतं, आणि चालायला सगळ्यात जड. गोदामाच्या आवारातल्या सायकलला ठीक. रोज रस्त्यावर जाणाऱ्याला नको.

टिकवायचा कसा

काच बहुतेक वेळा लगेच पंक्चर करत नाही. तुकडा ट्रेडमध्ये रुततो आणि चाकाच्या प्रत्येक फेरीत केसभर आत सरकतो. पावसात जास्त, कारण पाणी वंगणाचं काम करतं आणि ओलं रबर सहज कापलं जातं. वर ओला तुकडा टायरला चिकटून पुन्हा पुन्हा दाबला जातो. म्हणून पावसातून आल्यावर, आणि एरवी पंधरवड्यातून एकदा, चाक हळू फिरवत चिरा बघायच्या. दाभणानं किंवा बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं तुकडा बाजूनं उचकटून काढायचा, सरळ आत ढकलायचा नाही. खिळ्यासारखं मोठं काही दिसलं तर मात्र आधी पॅच आणि पंप जवळ घ्या, मग उपटा, कारण कधीकधी तोच खिळा भोक बुजवून बसलेला असतो.

मॅरेथॉन प्लसवर ट्रेडमधून निळा रंग दिसू लागला तर त्या जागी रबर संपलं. एखाद्या चिरेच्या तळाशी निळं दिसलं तर लगेच घाबरायचं कारण नाही. ट्रेडच्या मधोमध निळी पट्टी सलग दिसायला लागली की टायर उतरवा. विणीच्या टायरमध्ये धागे दिसू लागले, बाजूला फुगवटा आला किंवा मध्यभाग सपाट होऊन कडेला कोपरा पडला, की झालं. बाजूला कापलं गेलं आणि आतून ट्यूब डोकावत असेल तर घरापर्यंत पोचण्यापुरतं आतून जाड टेपचे दोन थर किंवा जुन्या टायरचा तुकडा ठेवून कमी हवेवर सावकाश जा. हा तुकडा, दोन पत्त्या, एक ट्यूब आणि छोटा पंप, एवढं सामान मॅरेथॉन प्लसवाल्यानंही जवळ ठेवावं. त्याचं पंक्चर वर्षा-दोन वर्षांतून एकदा होतं, आणि तोपर्यंत सोल्युशनची ट्यूब न उघडताच वाळून गेलेली असते. ती दर वर्षी बदला, किंवा चिकटवायचं सोल्युशन लागतच नाही असे तयार पॅच ठेवा, फक्त त्याआधी ट्यूबवरचा भाग घासून घ्यायला विसरू नका.